जुन्या झेड-फोरचं बॉडी मॉड्यूल: धुळ्याच्या गॅरेजातल्या नोंदी

२९ जून २०२४, शनिवार

सकाळी शिरपूरहून अण्णांचा फोन. "भो, गाडी उघडतच नही शे. चावी दाबी-दाबीसन बोट दुखी ग्यं." दुपारी गाडी छोट्या हत्तीवर नाही, चांगल्या सपाट टोइंगवर आली. तेवढी अक्कल त्यांनी वापरली याचा आनंद झाला, कारण हिचं पोट जमिनीला टेकायला आलेलं आहे.

गाडी बीएमडब्ल्यू झेड-फोर, छत उघडणारी, ई८५ पिढीची, २००४ चं मॉडेल. अडीच लिटर, सहा सिलिंडर एका रांगेत, १९२ अश्वशक्ती. पहिला मालक मुंबईचा, दुसरा नाशिकचा, अण्णा तिसरे. आमच्याकडे रोज बोलेरो, छोटा हत्ती, ट्रॅक्टरचे सेल्फ आणि डायनामो. ही गेटातून आत आली तशी शेजारच्या टायरवाल्याची सगळी पोरं पाना टाकून इकडे.

तक्रारी, अण्णांच्या तोंडून ऐकल्या तशा:

रिमोटने लॉक होते, अनलॉक होत नाही. आतून 'टक्' असा आवाज येतो, दरवाजा ढिम्म. चावी कुलपात घालून फिरवली की ड्रायव्हरचा दरवाजा उघडतो, डावा आतून उघडावा लागतो. दरवाजा उघडताना डावी काच जी बोटभर खाली सरकायला हवी, ती सरकत नाही. (हिच्या काचांना वरून चौकट नाही. काच रबरात घुसून बसते, म्हणून उघडताना ती आधी थोडी उतरते.) आणि तीन दिवस उभी राहिली की बॅटरी झोपते.

इंजिनाला काही नाही. बॅटरी भरलेली असली की एका सेल्फमध्ये चालू. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण चावी ओळखून इंजिन सोडणारा डबा हिच्यात वेगळा आहे. दरवाजे, काचा, आतला दिवा, वायपर हे सांभाळणारा डबा वेगळा. इतर गाड्यांत ज्याला बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणतात त्याला ही कंपनी 'जनरल मॉड्यूल' म्हणते, आपल्या गाडीत पाचवी आवृत्ती, जीएम-फाइव्ह. तो मेला तरी गाडी चालते, फक्त घर उघडत नाही.

घाई एकाच गोष्टीची. आरसी २०१९ ला एकदा वाढवली होती, ती पाच वर्षं आता ऑगस्टमध्ये संपतात. आरटीओला वायपर आणि दिवे चालू हवेत. शिवाय अण्णांच्या घरी कानबाई, आमची खान्देशी देवी, बसते, यंदा ११ ऑगस्टला. पुण्या-सुरतेची सगळी भाऊबंदकी गावी येणार. त्यांच्यासमोर गाडी टोइंगवर दिसायला नको, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण कळलं.

३० जून

रविवार, शटर अर्धं खाली. बॅटरी कोण खातं ते शोधायचं.

हिची बॅटरी डिकीत. मीटर निगेटिव्हला समांतर लावून मग टर्मिनल काढलं, म्हणजे मधे सप्लाय तुटत नाही आणि सगळे डबे एकदम जागे होऊन मीटरचा फ्यूज उडवत नाहीत. दरवाजाच्या आणि डिकीच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद केली. गाडीला वाटलं दरवाजे लागले, आणि मला हात घालायला जागा राहिली. ही युक्ती भाच्याला कितव्यांदा दाखवतोय देव जाणे.

मग वाट पाहायची. या पिढीतले डबे चावी काढल्यावर सुमारे १६ मिनिटांनी झोपतात. लोक इथेच चुकतात. दोन मिनिटं मीटर बघतात, एक ॲम्पिअर दिसला की ओरडतात, आणि फ्यूज उपटायला लागतात. फ्यूज उपटून परत लावला की डबा पुन्हा जागा, पुन्हा सोळा मिनिटं.

चहा झाला. विसाव्या मिनिटाला ०.८२ ॲम्पिअर. तिसाव्या मिनिटालाही ०.८२. चांगली झोपलेली गाडी ०.०५ च्या आत असते. ०.८२ गुणिले २४ म्हणजे दिवसाला जवळपास वीस ॲम्पिअर-तास. सत्तरची बॅटरी, चौथ्या दिवशी सेल्फ मारायला जीव उरणार कुठून?

फ्यूज न काढता प्रत्येकाच्या डोक्यावरच्या दोन टिकल्यांवर मिलीव्होल्ट तपासले. करंट वाहत असेल तिथेच किंचित व्होल्टेज दिसतं, बाकी शून्य. जनरल मॉड्यूलकडे जाणाऱ्या फ्यूजवर आकडा दिसला. म्हणजे डबा जागा आहे. पण तो स्वतःहून जागा आहे की कुणी जागा ठेवतंय, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. मीटरचा शेवटचा आकडा थरथरत होता, एका लयीत. टक, टक, टक.

२ जुलै

उकाडा असा की कापसाला पाणी कधी पडणार याशिवाय गिऱ्हाईक दुसरं बोलत नाही. ग्लोव्हबॉक्स काढला. त्याआधी बॅटरी सोडून पंधरा मिनिटं थांबलो, समोर एअरबॅग आहे. प्लॅस्टिक वीस वर्षांचं, त्यातली नाशिकची आणि आपल्याकडची वर्षं धुळीत आणि उन्हात गेलेली. क्लिपा हात लावला तशा बिस्किटासारख्या तुटल्या. दोन वाचल्या.

आत जे दिसलं ते बघून भाचा म्हणाला, "मामा, हे कंपनीचं नाही."

नव्हतंच. मूळ हार्नेस कसा, तर कापडी टेपमध्ये गुंडाळलेला, प्रत्येक वायर आपल्या रंगात. आणि त्याच्यावर काळ्या चिकट टेपचं एक गाठोडं, त्यातून लाल, पिवळ्या, पांढऱ्या जाड वायरी. ओढून काढलं तर बाजारात मारुतीला बसवतात तसला रिमोट लॉकचा किट. कुणीतरी कधीतरी बसवलेला. कारणही लगेच लक्षात आलं. हिच्या मूळ चावीच्या पोटात चार्ज होणारा सेल असतो, तो दहा-बारा वर्षांत मरतो. चावीने इंजिन चालू होतं, पण बटण मरतं. मग दुसऱ्या मालकाला कुणीतरी सांगितलं असणार, शेठ, कशाला तो महागडा रिमोट, आपला दीड हजारात बसवून देतो.

बॅटरी जोडल्यावर या किटचा एक लाल दिवा डॅशखाली लुकलुकायला लागला. मी मीटर परत लावलं आणि दोन्हीकडे बघत बसलो. दिवा लुकलुकतो, आकडा थरथरतो. दिवा लुकलुकतो, आकडा थरथरतो. किटची एक वायर दरवाजाच्या स्विचच्या वायरीत टोचलेली होती, वायर न तोडता वरून चिमट्यासारखा दाबून बसवतात त्या निळ्या जोडाने. दिवा पेटला की त्या वायरीवर टिचकी, आणि दर टिचकीला जनरल मॉड्यूलला वाटतं दरवाजा हलला. बिचारा सोळा मिनिटं मोजायला सुरुवात करतो, पुढच्या टिचकीला पुन्हा पहिल्यापासून.

किटचा सॉकेट ओढला. एकोणिसाव्या मिनिटाला ०.०३.

बॅटरीचं दुखणं संपलं. काचेचंही बहुतेक तेच, कारण त्या निळ्या जोडाने दरवाजाच्या स्विचच्या वायरीचे अर्धे तार कापले होते. सोल्डर करून, वर नळी तापवून बसवली. डावी काच उतरायला लागली.

अनलॉक मात्र अजून नाही. टक् वाजतं, दरवाजा नाही.

५ जुलै

हे सविस्तर लिहितो, कारण हा उद्योग धुळ्यात रोज कुठे ना कुठे चाललेला असतो.

हिच्या दरवाजातल्या लॉकच्या मोटरला दोन वायरी. गाडी निवांत असताना त्या दोन्ही वायरी मॉड्यूलमधल्या रिलेतून अर्थला टेकलेल्या असतात. लॉक करायचं म्हणजे एका वायरीचा रिले क्षणभर ओढला जातो, तिच्यावर बारा व्होल्ट येतात, दुसरी अर्थवरच. अनलॉकला उलट. झालं, इतकंच.

आता अशा गाडीला बाहेरचा किट बसवायचा असेल तर मूळ वायर मधोमध तोडायची आणि दोन्ही टोकं किटच्या रिलेतून फिरवायची. किटने बारा व्होल्ट सोडले की त्या क्षणी मूळ मॉड्यूल बाजूला झालेलं हवं. किटच्या पुडीवर आकृती छापलेली असते, ती फेकून देण्यासाठीच. या बहाद्दराने वायर तोडली नाही, सोलली आणि वरून पीळ दिला. म्हणजे किटचे बारा व्होल्ट मोटरला पोचायच्या आधी मॉड्यूलच्या रिलेतून सरळ अर्थला. शॉर्ट. किटचा फ्यूज उडाला असणार, पहिल्याच दिवशी. त्याने काय करावं? १५ चा काढून ३० चा घातला. तो फ्यूज आजही होल्डरमध्ये शाबूत आहे. जाळायचं काम मग रिलेने केलं.

मॉड्यूल खोललं. ताज्या बोर्डाला वास नसतो, याला होता, जळलेल्या दिव्याच्या वातीसारखा. अनलॉकच्या रिलेचं झाकण पिवळट पडलेलं. ब्लेडने कापून उचललं. निवांत असताना ज्या पॉइंटवर पाती टेकते, तिथे ती चिकटून एक झालेली, वाटाण्याच्या डोळ्याएवढा काळा ठिपका. कॉइलला सप्लाय दिला तर पाती ओढायला बघते, हलत नाही. 'टक्' तो हाच. वर चढूच शकत नाही तर मोटरला बारा व्होल्ट जाणार कुठून. लॉकची बाजू धड होती, म्हणून लॉक होत होतं.

रिलेखालची तांब्याची पट्टी काळवंडून बोर्डापासून किंचित सुटली होती. रिलेवरचा नंबर व्ही२३०८४-सी२००१-ए३०३. धुळ्यात विचारलं, जळगावला विचारलं, कुणाकडे नाही. मुंबईहून येईल, आठ-दहा दिवस म्हणाले.

अण्णांना दोन वाटा सांगितल्या. रिले बदलून हाच बोर्ड सांधायचा, किंवा जुन्या तुटलेल्या गाडीतलं चांगलं मॉड्यूल आणायचं. नवं परदेशातून मागवायची तिसरी वाट किमतीपाशीच मिटली. मला स्वतःला त्या उचललेल्या पट्टीचा भरवसा वाटेना. "बदलू," म्हणालो. रिलेही मागवून ठेवले, दोन. म्हटलं असू द्यावेत.

९ जुलै

दिल्लीच्या एका विक्रेत्याकडून मॉड्यूल आलं. साडेनऊ हजार, पैसे आधी. फोटोतला लेबल नंबर आपल्या नंबराशी तंतोतंत जुळत होता, या बाबतीत त्याने फसवलं नाही.

खोललं तर कनेक्टरच्या पिनांवर हिरवं. बोर्डावर चिखलाची रेघ, जणू कुणी पट्टीने आखली. इथवर पाणी होतं. पुरात बुडालेल्या गाडीचं. बसवलं असतं तर कदाचित चाललंही असतं, महिनाभर. मग रात्री दोनला काचा आपोआप खाली.

बसवलं नाही. फोटो पाठवले.

१७ जुलै

आषाढी. घरचा साबुदाणा डब्यात, गॅरेज अर्धा दिवस. दिल्लीवाला आठ दिवस म्हणतोय की 'माल चेक करून पाठवला होता', मग 'कुरिअरमध्ये भिजला असेल', मग फोन उचलत नाही. कुरिअरमध्ये चिखल कुठून आला, हे विचारायचं राहूनच गेलं. साडेनऊ हजारांतले चार हजार परत आले ते अण्णांचा सुरतचा मेव्हणा फोनवर जे बोलला त्यामुळे. काय बोलला ते मी ऐकलंय, इथे लिहीत नाही.

तापीच्या अलीकडे पलीकडे दोन्हीकडे पाऊस चांगला. गाडी आत उभी. गाडीच्या छताच्या कोपऱ्यातल्या निचऱ्याच्या नळ्या तारेने साफ केल्या. त्यातून कडुलिंबाचा पाला, धूळ आणि एक मेलेला भुंगा. हिचं छत उघड-झाप करणारी हायड्रॉलिकची मोटर छत घडी होऊन बसतं तिथे अगदी तळाशी आहे. नळी तुंबली की ती मोटर पाण्यात बसते. आणखी एक पावसाळा गेला असता तर मॉड्यूलचा खर्च चिल्लर वाटला असता. हे काम कुणी सांगितलं नव्हतं, बिलात धरलं नाही.

२४ जुलै

दुसरं मॉड्यूल, या वेळी मुंबईहून, ओळखीच्या माणसाने समोर उभं राहून खोलून व्हिडिओ कॉलवर दाखवलेलं. सात हजार. बोर्ड स्वच्छ, पिना चकचकीत. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीतलं आहे की डाव्या, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. गाडी परदेशातून भंगारात आलेली.

२५ जुलै

मॉड्यूल बसवायचं काम म्हणाल तर दहा मिनिटांचं. कनेक्टर काढताना प्रत्येकाला रंगीत टेप लावली, फोटो काढला. त्याआधीचे दोन तास किटच्या वायरी काढण्यात गेले. एकेक निळा जोड काढायचा, मूळ वायर बघायची, तार तुटले असतील तर सोल्डर, नळी, कापडी टेप. एकूण सहा ठिकाणी टोचलं होतं. भाच्याने सगळं गाठोडं उचलून काट्यावर ठेवलं, ४१० ग्रॅम. त्या किटमधलं गाडीला उपयोगी वजन शून्य.

बॅटरी जोडली. डॅशवर घसरणरोधक यंत्रणेचा पिवळा दिवा. घाबरायचं कारण नाही, बॅटरी काढली की स्टिअरिंगचा कोन विसरते. चालू गाडीत स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे. गेला.

आतल्या बटणाने दोन्ही दरवाजे लॉक, अनलॉक. टक्-खट्. तो 'खट्' ऐकायला महिना गेला.

पण चावी कुलपात फिरवून एकदा अनलॉक केलं की आधी ड्रायव्हरचा दरवाजा उघडायला हवा, दुसऱ्यांदा फिरवल्यावर दुसरा. इथे ड्रायव्हरचं कुलूप फिरवलं की मोटर वाजते डाव्या दरवाजाची. हे मॉड्यूल अजून आपल्या जुन्या गाडीतच बसलंय. त्याच्या लेखी चालक डावीकडे बसतो.

२७ जुलै

कोडिंग.

भाच्याचा जुना लॅपटॉप, त्यात विंडोज सेव्हन. लॅपटॉपला गाडीच्या डब्यांशी बोलायला लागणारी केबल, के-डीकॅन म्हणतात ती. आपल्या सालच्या गाडीला सॉकेटच्या सात आणि आठ नंबरच्या पिना जोडलेल्या लागतात, नाहीतर इंजिन दिसतं आणि बाकी काही दिसत नाही. केबलला त्यासाठी छोटा स्विच लावून घेतला. पोर्ट कॉम-वन केला, लेटन्सी एक. या दोन सेटिंगांनी मागच्या वर्षी माझा अख्खा दिवस खाल्ला होता, म्हणून इथे टिपून ठेवतो.

हिचे दरवाजा-काच-दिव्यांचे डबे आपसात एका वायरीवर बोलतात, के-बस, सेकंदाला ९६०० बिट. आजच्या हिशोबाने बैलगाडी. पण वीस वर्षं झाली, बैल थांबलेला नाही.

गाडी कुठल्या देशासाठी, स्टिअरिंग कुठल्या बाजूला, कारखान्यातून काय काय बसवून निघाली, ही यादी गाडीतच साठवलेली असते. ती यादी वाचायची, नव्या मॉड्यूलला दाखवायची आणि 'एसजी कोडिरेन' हे काम चालवायचं. म्हणजे मॉड्यूल स्वतःचं जुनं विसरून या घरचं होतं. सगळे शब्द जर्मन. 'आक्टिव्ह' म्हणजे चालू, 'निश्ट आक्टिव्ह' म्हणजे बंद. यापुढचं जर्मन आम्हाला येत नाही आणि लागतही नाही. आधी जे होतं त्याची फाइल वेगळी ठेवली. ती न ठेवता पुढे जाणाऱ्याला मी गॅरेजात उभा करणार नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी यादी वाचून झाली. अकरा-बाराला लाइट गेली.

लॅपटॉपची बॅटरी नावालाच. भाच्याने उडी मारून इन्व्हर्टरचा प्लग बदलला, पण गाडीचा चार्जर बंद. कोडिंगच्या मधे व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल अर्धवट लिहिलेलं राहतं, आणि मग ते वजनाने विकायचं. अजून 'लिही' म्हटलं नव्हतं, नशीब. बाहेर नेरच्या एका गिऱ्हाइकाचा ट्रॅक्टर उभा होता. त्याला विचारून त्याची बॅटरी जम्परने डिकीतल्या बॅटरीला जोडली. १२.६ व्होल्ट, सुईसारखे स्थिर. लाइटची वाट बघितली नाही. बटण दाबलं.

अर्धा मिनिट. तेवढ्यात तो ट्रॅक्टरवाला वाकून बघतोय, "हाई गाडीले ट्रॅक्टरनी बॅटरी चाले का?" चाले बाबा.

'कोडिरुंग बेएंडेट.' झालं. कुलपात चावी, एकदा अनलॉक: उजवा. दुसऱ्यांदा: डावा.

३० जुलै

चावी. मूळ दोन आहेत, दोन्हीचं बटण मेलेलं. आधी लॉक होत होतं ते किटच्या रिमोटने.

आतला सेल व्हीएल२०२०, वीस मिलिमीटरचा, तीन व्होल्ट, चार्ज होणारा. चावी इग्निशनमध्ये असताना तिथल्या कड्यातून तो चार्ज होतो. दुकानात मिळणारा सीआर२०३२ दिसायला भावासारखा, पण तो चार्ज होणारा नाही. त्याला रोज चार्ज दिला तर एक दिवस फुगेल. चावी स्क्रूची नाही, डिंकाने चिकटवलेली. बाजूच्या रेघेवर ब्लेड फिरवून, श्वास रोखून. आतला छोटा काळा तुकडा, ज्यावर इंजिन चालू होणं अवलंबून, तो जागचा हलू द्यायचा नाही. एका चावीत सेल बसवला, सोल्डरचा टाका प्रत्येक पायाला एक सेकंदाच्या आत. दुसरी अण्णांनी घरी ठेवायला सांगितली, तिला पुढच्या महिन्यात.

मग ओळख करून द्यायची. दरवाजे बंद. चावी पहिल्या खाचेपर्यंत फिरवून लगेच बंद, बाहेर काढायची. अनलॉकचं बटण दाबून धरायचं, धरूनच कंपनीच्या चिन्हाचं बटण तीनदा, मग दोन्ही सोडायची. पहिल्यांदा नाही झालं. दुसऱ्यांदा नाही. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही फार सावकाश दाबताय." त्याच्या हातात दिली. खट्-खट्. दरवाज्यांनी स्वतःच सांगितलं, ओळखलं.

एक गंमत आधी माहीत होती, पण करून पाहिली नव्हती. अनलॉक दाबून धरलं की दोन्ही काचा खाली जातात. एप्रिल-मेमध्ये धुळ्यात उन्हात उभ्या गाडीत बसायच्या आधी ही सोय म्हणजे मोठंच पुण्य.

४ ऑगस्ट

रविवारी पहाटे लळिंगच्या घाटात चक्कर. आग्रा रोडने दक्षिणेला, किल्ला डाव्या-उजव्या हाताला फिरत राहतो तोपर्यंत. पाऊस बारीक. मॉड्यूल तपासायचं तर वायपर तपासायला हवेत: मधेमधे, संथ, जोरात, पाणी मारून. सगळं ठीक. खड्डे मोजले नाहीत. चढावर सहा सिलिंडरांचा आवाज ऐकून भाच्याने मोबाइल खिशात ठेवला, हे आठवड्यातलं पहिलंच.

घरी आल्यावर मीटर. वीस मिनिटांनी ०.०२९.

६ ऑगस्ट

रिले अखेर आले, आठ-दहा दिवसांचा महिना करून. कुरिअरवाल्याने हातात पाकीट दिलं तेव्हा हसू आलं, दोन नगांना मिळून चहा-नाष्ट्याएवढे पैसे.

जुना बोर्ड घेऊन बसलो. जळका रिले उपसला, उचललेली पट्टी कापून तिच्याजागी दीड चौरस मिलिमीटरची वायर बोर्डाच्या मागून टाकली, नवा रिले बसवला. टेबलावर बारा व्होल्ट, लॉकच्या मोटरऐवजी जुन्या वायपरची मोटर. पन्नास वेळा टक्-खट्. गरम नाही, वास नाही.

हे ५ जुलैलाच ठरवायला हवं होतं. पट्टीचा भरवसा नाही म्हणालो, तेव्हा खरं तर मला घाईचा भरवसा जास्त वाटत होता. रिलेची वाट आठ-दहा दिवसांची वाटली म्हणून मॉड्यूलच्या मागे लागलो, आणि मॉड्यूलनेही महिना खाल्लाच. हा बोर्ड याच गाडीचा, याच बाजूचा, कोडिंगची गरज नव्हती. अण्णांचे साडेपाच हजार दिल्लीच्या चिखलात आणि सात हजार मुंबईच्या बोर्डात. यातले चिखलाचे अर्धे मी माझ्याकडून कमी केले. पूर्ण करायची ताकद नव्हती.

आता बसवलेलं काढून हा परत लावायचा का? नाही. चालतंय त्याला हात लावायचा नाही. हा कापडात गुंडाळून अण्णांच्या कपाटात.

८ ऑगस्ट

आरटीओ. वायपर, दिवे, हॉर्न, चॅसिस नंबर. एमएच-१८ च्या रांगेत पुढे पिकअप, मागे पिकअप, मधे ही बसकी. पास.

१० ऑगस्ट

बिल. अण्णांनी कागद न बघता "तुन्हा हिशोब बराबर ऱ्हास" म्हणून पैसे दिले. मी कागद खिशात कोंबलाच, त्यात कमी केलेले पैसे लिहिलेत. जाताना म्हणाले, "उद्या कानबाईना दर्शनले येजो." जुना किट त्यांनी मागितला नाही. तो खिळ्याला लटकवलाय, ३० च्या फ्यूजसकट. दीड हजारात रिमोट लावून मागणाऱ्याला दाखवायला.

१२ ऑगस्ट, सोमवार

काल संध्याकाळी शिरपूरकडे गेलो. कानबाई नटून बसलेली, रात्रभर गाणी. रोट भाऊबंदकीचे, ते त्यांनीच खायचे. आम्हाला वेगळं ताट, भरपेट. गाडी गल्लीत उभी, छत उघडं, आणि पुण्याहून आलेली लेकरं चावी घेऊन अनलॉक दाबून धरतात, काचा खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. अण्णांच्या आजी ओट्यावरून बघत होत्या. त्यांची एकच शंका, "हाई गाडीनं छत कोठे ग्यं? पाणी उनं म्हंजे?"

त्याच वेळी पाणी आलं. अण्णा धावले. छत बारा-पंधरा सेकंदांत वर, काचा वर, दरवाजे लॉक. दुरून दाबलं.